पाहुणी आली तो मंगळवार: एका श्राव्य भागाच्या प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर, बुधवार

विषय ठरला. पॉडकास्टचा पुढचा भाग 'ग्ली' या अमेरिकन संगीत मालिकेवर, आणि तिच्यातही एकाच गोष्टीवर: नावाजलेली पाहुणी एका भागापुरती येते तेव्हा मालिकेवर जीव लावून बसलेल्या प्रेक्षकांचं काय होतं?

संकलक मित्राला सगळी मालिकाच घ्यायची होती. सहा पर्वं, १२१ भाग, २००९ ते २०१५. आमच्या चाळीस मिनिटांत प्रत्येक भागाच्या वाट्याला वीस सेकंदसुद्धा येत नाहीत. हे गणित सांगितल्यावर गप्प बसला.

घेतलेला भाग दुसऱ्या पर्वातला सातवा, 'द सबस्टिट्यूट'. फॉक्स वाहिनीवर १६ नोव्हेंबर २०१०, मंगळवार. पाहुणी ग्विनेथ पॅल्ट्रो, भूमिका हॉली हॉलिडे या बदली शिक्षिकेची. हाच का, तर 'ग्ली' पाहिलेल्या कुणालाही या भागाबद्दल विचारा, समोरचा लगेच सरसावून बसतो. कुणी खुशीने, कुणी भांडायला.

माझा आजचा अंदाज लिहून ठेवते. पुढे तोंडघशी पडले तर पुरावा हाताशी असावा. अंदाज असा: तारा जितका मोठा, तितकी चाहत्यांची उडी मोठी.

५ सप्टेंबर

वही घेऊन भाग दोनदा पाहिला. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र दीड मिनिटात सांगावं लागेल. मसुदा:

ओहायो राज्यातलं एक गाव, तिथलं विल्यम मॅकिन्ली हायस्कूल, तिथलं 'न्यू डायरेक्शन्स' नावाचं गायकमंडळ. मंडळ चालवणारे शुस्टर सर तापाने पडतात. मुख्याध्यापकही आजारी, त्यामुळे खुर्चीवर बसते सू सिल्व्हेस्टर, म्हणजे मंडळाची हाडवैरीण. सरांच्या जागी येतात हॉली हॉलिडे. मुलांना काय गायचंय ते आधी विचारतात, वर्गात सोंगं काढतात, तीन महिन्यांपूर्वी बाजारात आलेलं सी-लो ग्रीनचं गाणं (शिवी वगळून, 'फर्गेट यू' अशा सोज्वळ रूपात) म्हणून वर्ग खिशात घालतात. सरांची नोकरीच जाते. मग बाईंच्या लक्षात येतं की आपल्याला यायला जमतं, राहायला जमत नाही. सर परततात, पण जुनं गाणं नव्या चालीत बसवायला बाईंचीच मदत घेतात. 'सिंगिंग इन द रेन' आणि 'अंब्रेला' यांची ती गुंफण. रंगमंचावर खरोखरचं पाणी.

वहीत मांडलेला हिशेब असा. जाहिराती वगळता भाग चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास. मोठी गाणी चार, त्यांतल्या तीनांत पॅल्ट्रो. चौथं सरांच्या तापातल्या स्वप्नात. म्हणजे मंडळातल्या डझनभर पोरांपैकी एकाच्याही नावावर स्वतंत्र गाणं नाही. रेचलला एक वाटून मिळालं, 'शिकागो' या संगीत नाटकातलं 'नाउअडेज', तेही बाईंच्या जोडीने. मर्सिडीजच्या वाट्याला काय? शाळेच्या उपाहारगृहात बंदी आलेल्या बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांसाठीचं आंदोलन. मर्सिडीज झालेल्या अँबर रायलीसारखा गळा घरात असताना.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जाणवलंही नव्हतं. गाणं सुरू झालं की मी पाघळते.

८ सप्टेंबर

हक्कांचा विषय मिटवला. गाणं वाजवायचं नाही, तुकडासुद्धा नाही. 'ग्ली'ची बहुतेक गाणी दुसऱ्यांची, नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित केलेली. म्हणजे मूळ रचनेचा हक्क एकीकडे, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा दुसरीकडे. आमच्या खिशाला दोन्ही झेपणारे नाहीत. संकलक म्हणाला, "गाण्यावरचा कार्यक्रम आणि गाणं नाही? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक काय म्हणतात तेच तर ऐकवायचंय.

११ सप्टेंबर

पहिली मुलाखत, मामेबहीण. शाळकरी वयापासूनची 'ग्लीक'. ग्लीच्या चाहत्यांनी स्वतःला दिलेलं हे नाव ती आजही लाजत नाही म्हणायला.

पद्धत अशी ठरवली आहे: भाग सलग दाखवायचा, मध्ये बोलायचं नाही, मी फक्त चेहरा पाहून मिनिटं टिपायची. मग दोन दिवसांनी फोन करून 'काय काय झालं त्या भागात, सांग' एवढंच विचारायचं. आधीचं मत माणूस विचार करून देतो. दोन दिवसांनी जे आठवतं ते न विचारता आलेलं असतं.

'फर्गेट यू' चालू असताना मामेबहीण हाताची घडी घालून बसलेली. चेहऱ्यावर काही नाही. माझीच मान हलत होती. मग कर्ट, ब्लेन आणि मर्सिडीज जेवायला एका टेबलावर बसतात तो साधा प्रसंग आला आणि ही पुढे सरकून बसली. नंतर म्हणाली, "ताई, तू आधीचा आठवडा सोडलास ना, म्हणून तुला कळत नाही. नऊ तारखेला ब्लेन आला होता."

तिचं बरोबर आहे. ९ नोव्हेंबर २०१०, 'नेव्हर बीन किस्ड'. शाळेत छळ सोसणारा कर्ट दुसऱ्या शाळेत हेरगिरी करायला जातो आणि जिन्यावर भेटलेला एक मुलगा त्याचा हात धरून त्याला पळवत नेतो, मग त्याच्याकडे पाहून 'टीनेज ड्रीम' गातो. मागे कोरस टफ्ट्स विद्यापीठातल्या बील्झेबब्स या वाद्यांविना गाणाऱ्या मंडळाचा. गाणारा डॅरेन क्रिस. टीव्हीच्या प्रेक्षकांना तो जवळजवळ अनोळखी होता. आणि सात दिवसांनी, ऑस्कर मिळवलेली नटी.

"म्हणजे तुला पॅल्ट्रो आवडली नाही?"

"आवडली की. पण मी त्या मंगळवारी तिच्यासाठी बसले नव्हते. दार वाजलं तर वाटलं तो आला, आणि उघडलं तर ही."

एका ठिकाणी मात्र तिच्या हाताची घडी सुटली. 'नाउअडेज'च्या आधी हॉली रेचलला विचारते, तुला काय करायला आवडेल? मामेबहीण पुटपुटली, "कुणीतरी विचारलं बाई एकदाचं."

(रेचलला कुणी विचारत नाही हे मला पटत नाही. मालिकाभर तीच गाते. पण मुलाखतीत वाद घालायचा नाही असं भिंतीवर लिहून ठेवलंय.)

१३ सप्टेंबर

मामेबहिणीला ठरल्याप्रमाणे फोन. तिने भाग असा सांगितला: "कर्टला ब्लेन मिळाला म्हणून मर्सिडीज एकटी पडली, आणि कर्टने तिलाच ऐकवलं की तू प्रेमाच्या जागी खाणं भरतेयस." सुरुवातच तिथून. पॅल्ट्रोचं नाव चौथ्या मिनिटाला, तेही मी 'आणखी?' म्हटल्यावर.

आणि मला एकदम दिसलं की भागाचं नाव फक्त बाईंचं नाहीच. सरांच्या जागी बाई, मैत्रिणीच्या जागी मित्र, मायेच्या जागी बटाटे. बदली तिघांची चाललीय. हे मी दोनदा वही घेऊन पाहून सुटलं होतं.

१४ सप्टेंबर

दुसरी मुलाखत, व्हिडिओ कॉलवर. हा आमच्या सीनियरच्या ओळखीचा, २०१० साली ओहायोत शिकत होता. दर मंगळवारी रात्री आठला वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत एकच टीव्ही आणि वीसेक डोकी.

पहिल्यांदा त्याने माझा उच्चार सुधारला. मालिकेतलं गाव खरंच ओहायोत आहे, पण ते 'लीमा' नाही, 'लायमा'. "पेरूची राजधानी लीमा. आमचं गाव लायमा. चुकीचं म्हटलंत तर ओहायोचा माणूस कार्यक्रम तिथेच बंद करेल." मालिका तिथे चित्रित होतच नव्हती, ती लॉस एंजेलिसमधल्या पॅरामाउंट स्टुडिओत, हेही त्यानेच सांगितलं. गावाचं नाव तेवढं खरं.

त्याच्या बोलण्यातला सगळ्यात चांगला भाग घड्याळाचा. पूर्वेकडे भाग आठला लागे आणि पश्चिम किनाऱ्यावर तीन तास उशिरा. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीने त्याला दम भरलेला: माझं पाहून होईपर्यंत एक अक्षर पाठवायचं नाही. "तीन तास पोटात ठेवायचं हो. त्या रात्री 'फर्गेट यू' संपल्यावर खोलीतली अर्धी पोरं उभी राहिली होती. कुणाला सांगू? तिला सांगायची बंदी. शेवटी शेजारच्या खोलीतल्या अभ्यास करणाऱ्याला जाऊन सांगितलं, त्याला ग्विनेथ कोण तेही माहीत नव्हतं."

मग मी विचारलं, उरलेली अर्धी?

तो जरा थांबला. "ती बसूनच होती. त्यांच्यात एक मुलगी होती, ती दर भागात मर्सिडीजची वाक्यं मोजायची."

मोजायची! मला वाटत होतं वहीत हिशेब मांडणारी मीच पहिली.

१५ सप्टेंबर

नोव्हेंबरातच एवढे पाहुणे का, याचं उत्तर मिळालं आणि ते व्यवहाराचं आहे. अमेरिकेत त्या काळी फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर हे प्रेक्षक मोजायचे महिने. नील्सन कंपनी घरोघरी नोंदवह्या पाठवे आणि त्या आकड्यांवर स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरत. या मोजणीला 'स्वीप्स' म्हणतात. मग वाहिन्या आपला सगळा दारूगोळा याच महिन्यांत उडवणार. १६ नोव्हेंबरला पॅल्ट्रो, २३ नोव्हेंबरला सू सिल्व्हेस्टरची आई म्हणून कॅरल बर्नेट. पाहुण्याच्या काठीने साप मारायचा, दुसरं काय.

पाहुणीचाही साप होताच म्हणा. १० नोव्हेंबरला तिने कंट्री संगीताच्या सीएमए पुरस्कार सोहळ्यात आपल्या येऊ घातलेल्या चित्रपटाचं गाणं म्हटलं आणि सहा दिवसांनी ती 'ग्ली'त. ज्यांना तो भाग खटकला ते हा योगायोग बोटावर ठेवून दाखवतात. मला त्यात पाप दिसत नाही. पण प्रेक्षकाला असला वास चटकन येतो आणि आला की तो गाण्यातही यायला लागतो, एवढं खरं.

१९ सप्टेंबर

तिसरी मुलाखत आणि आतापर्यंतची सगळ्यात लांब, दोन तास दहा मिनिटं. मैत्रिणीची मैत्रीण, गाणं शिकवते, संगीत नाटकांची वेडी. ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीची, माणसं टीव्हीवर दिसतात म्हणून 'ग्ली' पाहायला लागलेली. तिला पॅल्ट्रोबद्दल विचारलं तर म्हणाली, "थांब. आधी क्रिस्टिन चेनोवेथ."

भाग पहिल्या पर्वातला पाचवा, ३० सप्टेंबर २००९. रेचल रुसून मंडळ सोडून शाळेच्या 'कॅबरे' नाटकात गेलेली. शुस्टर सर तिची जागा भरायला एप्रिल ऱ्होड्सला आणतात: याच मंडळातली जुनी गायिका, शाळा पूर्ण न केलेली, दारूच्या आहारी गेलेली. भूमिका चेनोवेथची. 'मेबी धिस टाइम' हे गाणं दोघी गातात, वेगवेगळ्या जागी उभ्या राहून. एक सुरुवातीला उभी, एकीची वाट संपत आलेली.

बाई सांगत होत्या आणि मी टेबलावर बोट नाचवायची थांबले.

"आणि बघ पुढे काय होतं. कार्यक्रमाच्या मध्यंतरात एप्रिल निघून जाते. स्वतःहून. जागा रिकामी होते आणि रेचल परत येते. मग 'समबडी टू लव्ह' सगळं मंडळ मिळून गातं. पाहुणी आली, तिने दाखवून दिलं रेचल नसेल तर काय कमी पडतं, आणि गेली. ह्याला म्हणतात पाहुणी."

मी विचारलं, मग हॉलीही जातेच की शेवटी.

"जाते. पण रेनमध्ये भिजून, टाळ्या घेऊन जाते. एप्रिल टाळ्या सोडून जाते." मग स्वतःच हसून, "मला माहितीये मी अन्याय करतेय. मी 'विकेड'वाली आहे, चेनोवेथने बाजारहाट केली तरी मी उभी राहून टाळ्या वाजवीन."

'विकेड' हे संगीत नाटक आलंच होतं तर पुढचंही निघालं. २००३ च्या मूळ ब्रॉडवे संचातल्या दोन नायिका चेनोवेथ आणि इडिना मेंझेल. रेचल झालेली लिया मिशेल आणि मेंझेल दिसायला इतक्या सारख्या की रेचलची हरवलेली आई मेंझेलच असली पाहिजे, असा धोशा चाहत्यांनी लावला होता. आणि झालंही तसंच: एप्रिल २०१० मध्ये ती शेल्बी कॉर्कोरन म्हणून आली, तेही प्रतिस्पर्धी मंडळाची शिक्षिका होऊन. आई असल्याचं उघड झाल्यावर दोघी 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' गातात. "ती पाहुणी आम्ही मागून घेतली होती," बाई म्हणाल्या. "पॅल्ट्रो आम्हाला वाढली."

हे वाक्य भागात राहणार. कात्री लावायला आलं कुणी तर हात कापीन.

शेवटी थोडं कारागिरीचं. 'ग्ली'त नट आधी स्टुडिओत गाऊन घेत, अॅडम अँडर्स आणि पेअर ऑस्ट्रोम ते बांधत, आणि सेटवर त्यावर ओठ हलवत नाच होई. तो झॅक वुडलीचा. म्हणजे पाहुण्याच्या एका गाण्यासाठी मुद्रणाची वेळ, तालमीची वेळ, चित्रीकरणाची वेळ, सगळं त्याच्या तारखांभोवती फिरणार. बाईंचा मुद्दा: पडद्यावरची अडीच मिनिटं गेली ती दिसतात, तालमीतली गेलेली कुणाला दिसत नाहीत. मला तालमींचं ठाऊक नाही, पण त्या गाणं शिकवतात, पाहुणे परीक्षक आले की वर्गाचं वेळापत्रक कसं कोलमडतं ते त्यांना विचारावं.

२२ सप्टेंबर

चौथा माणूस: फक्त मोठी नावं असलेले भाग पाहणारा. मॅडोनाच्या गाण्यांचा पाहिलेला, ब्रिटनी स्पिअर्सचा पाहिलेला, पॅल्ट्रोचा पाहिलेला. मधलं काही नाही. माणूस मोकळा, पण मुलाखत अकरा मिनिटांत आटोपली. "मस्त होता भाग. पाऊस छान होता." दोन दिवसांनीचा फोन अजून छोटा: "ती गाणारी बाई, आणि पाऊस."

माझा ३ तारखेचा अंदाज या एका माणसाला तंतोतंत लागू पडतो. बाकी कुणालाच नाही.

२६ सप्टेंबर

मावशी. ही यादीत नव्हती. मामेबहिणीसाठी भाग लावला तेव्हा ती मागे बसून निवडटिपण करत पाहत होती, हे मला आज कळलं. 'ग्ली'तलं एक माणूस तिला ओळखीचं नाही आणि पॅल्ट्रोही नाही. म्हणजे तिच्यासाठी पडद्यावर सगळेच पाहुणे.

"मावशी, तुला काय वाटलं?"

"चांगल्या होत्या बाई. पोरांना विचारून करत होत्या. ते सर बरे झाल्यावर ह्यांना काढलं का मग?"

"काढलं नाही, त्या बदलीवर होत्या ना."

"हो, पण पोरांना कुणी विचारलं का, तुम्हाला कोण हवंय?"

विचारलं होतं म्हणा, एका अर्थी. पोरांना सर परत हवे झालेच होते. पण मावशीला ते पटेना. तिच्या मते पोरांचं सरांवर प्रेम नव्हतं, सवय होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रेकॉर्डर चालू होता, देवाची कृपा.

रात्री तिचा तुकडा ऐकताना जाणवलं की पहिले तिघे जे आडून सांगत होते ते हिने सरळ विचारलं. मामेबहीण कर्टची बाजू घेऊन बसली होती, वसतिगृहातली मुलगी मर्सिडीजची वाक्यं मोजत होती, गाण्याच्या बाई रेचलची जागा राखत होत्या. पाहुणीवर राग कुणाचाच नव्हता. प्रत्येकीची नजर आपल्या माणसाच्या ताटाकडे होती: पाहुणीला वाढून झाल्यावर त्यात काय उरलं?

३० सप्टेंबर

आज पडताळणीचा दिवस, आणि एमीच्या, म्हणजे अमेरिकन टीव्ही पुरस्कारांच्या, याद्या पाहताना मजाच झाली.

पॅल्ट्रोला याच भागासाठी २०११ मध्ये विनोदी मालिकेतली सर्वोत्कृष्ट पाहुणी अभिनेत्री म्हणून एमी मिळालं. आदल्या वर्षी पाहुण्या अभिनेत्याचं नील पॅट्रिक हॅरिसला, तेही 'ग्ली'साठीच. पण त्याच २०१० च्या नामांकनांत, त्याच गटात, आणखी एक 'ग्ली'वाला आहे: माइक ओमॅली. कर्टचे वडील, बर्ट हमेल!

मामेबहिणीला सांगितलं तर फोनवर किंचाळली. "बर्ट पाहुणा? अगं बर्ट घरचा आहे!"

कागदावर तेव्हा पाहुणाच. पण मुलगा समलिंगी आहे हे ऐकून 'मला ठाऊक होतं' म्हणणारा, त्याच्यासाठी जगाशी भांडणारा बाप प्रेक्षकांनी कधीच आत घेऊन बसवला होता. त्याला गाणंबिणंही लागलं नाही. करारातलं 'पाहुणा' आणि प्रेक्षकांचं 'पाहुणा' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मी महिनाभर एकच समजून चालले होते. हे भागाच्या मध्यावर टाकायचं, उगाच शेवटी नाही.

आकड्यांतलं एकच ठेवते: 'ग्ली'च्या संचाची एकूण २०७ गाणी बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेली. पाहुणे असोत वा नसोत, गाणी विकली जात होती.

४ ऑक्टोबर

कच्चं संकलन एक तास चौदा मिनिटं. चाळीसवर आणायचंय.

काय गेलं: चौथ्या माणसाची जवळजवळ सगळी मुलाखत. 'पाऊस छान होता' ठेवलं, दोनदा वापरलं. रिकी मार्टिन, लिंडसे लोहान, सारा जेसिका पार्कर यांची नुसती यादी गेली. नावांची माळ कानाला लगेच कंटाळा आणते.

काय जाता जाता राहिलं: पॅल्ट्रो मार्च २०११ च्या 'सेक्सी' भागात परत आली तेव्हाचं 'लँडस्लाइड'. सँटाना आणि ब्रिटनी या मंडळातल्या दोन मुलींसोबत, स्टुलांवर बसून. गाणं हॉली सुरू करते, पण कॅमेरा आणि प्रेक्षक दोघंही सँटानाच्या डोळ्यांकडे, कारण तिला ब्रिटनीला काय सांगायचंय ते तोवर सगळ्यांना कळलेलं. इथे सँटाना झालेल्या नाया रिव्हेराचा चेहरा पाहुणीपेक्षा मोठा झाला आणि पाहुणीने तो होऊ दिला. मामेबहिणीने या भागाबद्दल न विचारता पाच मिनिटं बोलून टाकलं होतं. 'फर्गेट यू'ला जिच्यासाठी हाताची घडी सुटली नाही, तिच्याबद्दलच म्हणाली, "त्या गाण्यापासून ती मला आपली वाटायला लागली."

भांडण एका गोष्टीवरून. 'ग्ली'च्या तीन निर्मात्यांपैकी ब्रॅड फाल्चक यांनी २०१८ मध्ये पॅल्ट्रोशीच लग्न केलं; ओळख याच मालिकेमुळे. संकलकाचं म्हणणं, पाहुणी खरोखरच घरची झाली, शेवट याहून गोड कुठला मिळणार? मी म्हटलं, म्हणूनच नको. आपला कार्यक्रम बसून राहिलेल्या अर्ध्या खोलीबद्दल आहे, लग्नाबद्दल नाही. तो रुसला. चहा मीच केला. तुकडा गेला.

९ ऑक्टोबर

माझं सुरुवातीचं निवेदन काढलं. 'तारे आणि चाहते यांचं नातं' वगैरे होतं त्यात. आता वाचताना दात शिवशिवले. त्या जागी, कसलीही प्रस्तावना न करता, मावशीचा आवाज: "पोरांना कुणी विचारलं का, तुम्हाला कोण हवंय?" मागे भांड्याचा आवाज आहे तो साफ करायचा नाही असं संकलकाला बजावलंय.

मावशीला ऐकवलं. "माझा आवाज असा आहे?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा लावायला सांगितलं.

११ ऑक्टोबर

पक्कं संकलन एकेचाळीस मिनिटं वीस सेकंद. ओहायोवाल्याला आधी ऐकायला पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर: "छान झालंय. बाराव्या मिनिटाला तुम्ही लीमा म्हणालात."

महिनाभर सगळ्यांचे उच्चार सुधारत फिरले आणि स्वतः लीमा. एकच शब्द परत मुद्रित करायचा, पण त्या दिवशी खोलीत पंखा चालू होता आणि आज बंद, त्यामुळे जोड ऐकू येतो. पंखा लावला. सहा वेळा 'लायमा' म्हटलं, संकलकाने चौथा उचलला.